‘सार्वभौम’ या एका शब्दाचा संदर्भशोध

रिसर्चमध्ये पाऊल टाकलं की सिनियर मंडळी पहिला सल्ला देतात तो हा: संदर्भ यादीतला पेपर मुळातून वाच. दुसऱ्याने तो उद्धृत केलाय म्हणून तू करू नकोस. दहा पेपर एकाच जुन्या पेपरचा हवाला देत असतात आणि तो उघडून पाहिला की त्यात भलतंच निघतं. केमिस्ट्रीत हे मी पाहिलंय. कायद्यातही होतं, हे मात्र प्रबंधातलं एक प्रकरण लिहिताना कळलं. ते प्रकरण प्रयोगशाळेतल्या अपघातांच्या जबाबदारीबद्दल आहे आणि त्यासाठी मला न्यायालयाचे निकाल वाचावे लागले. पदवी केमिस्ट्रीची, त्यामुळे मी ते पेपर वाचावा तसे वाचले. आज त्यातल्याच एका निकालावर टीका करायची आहे.

तुम्हाला याचं काय? उद्या तुम्ही एखाद्या सरकारी किंवा अनुदानित संस्थेत पीएच.डी.ला लागाल. पहिल्याच आठवड्यात कुठल्या तरी हमीपत्रावर सही कराल. कर्मचाऱ्याने व्हॉल्व्ह उघडा ठेवला, फ्यूमहूड वर्षभर बंद होतं, आणि तुमचा हात भाजला, तर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येईल का? कोणाकडून? त्या कर्मचाऱ्याकडून, संस्थेकडून, की सरकारकडून? (फौजदारी गुन्ह्याचा प्रश्न वेगळा, तो इथे नाही.) या प्रश्नाच्या मुळाशी अजूनही १९६४ सालचा एक निकाल आहे, आणि त्या निकालाच्या मुळाशी १८६१ सालचा.

आधी १९६४ चा. खटला ‘कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’. हकीगत फाळणीच्या दिवसांतली. २० सप्टेंबर १९४७ च्या मध्यरात्री अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनं-चांदी विकायला म्हणून मेरठला उतरला. बाजारातून जाताना पोलिसांनी अडवलं, कोतवालीत नेलं, झडती घेतली. सुमारे १०३ तोळे सोनं आणि दोन मणांवर चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, पुढे चांदीही परत मिळाली. सोनं परत मिळालं नाही, कारण मालखाना ज्याच्या ताब्यात होता तो हेड कॉन्स्टेबल ऑक्टोबरमध्ये ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला. पेढीने सरकारवर दावा लावला. किंमत त्या काळात अकरा हजारांच्या वर होती.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं ते नीट बघा. पोलिसांची हयगय झाली का? झाली. मौल्यवान माल ठेवण्याचे नियम होते, ते पाळले गेले नाहीत. मग सरकारने भरपाई द्यायची का? नाही. कारण अटक, झडती आणि जप्ती हे राज्याचे ‘सार्वभौम’ अधिकार, आणि ते वापरताना नोकराने हयगय केली तर सरकारवर दावा चालत नाही. घटनापीठाचा निकाल, लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर.

आपल्या सातारचे गजेंद्रगडकर. १९४५ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश, नंतर सरन्यायाधीश, निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. कामगारांच्या बाजूने कायदा वळवणाऱ्या न्यायाधीशांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. म्हणूनच हा निकाल जास्त खुपतो. शेवटी तेही म्हणतात की ही स्थिती समाधानकारक नाही, संसदेने कायदा करून ती बदलावी. म्हणजे लेखकालाच निष्कर्ष पटलेला नाही, पण पुरावा मला तिथेच नेतोय असं त्यांचं म्हणणं. असं कुणी लिहिलं की आपण काय करतो? तो पुरावा उघडून बघतो.

पुरावा म्हणजे १८६१ चा कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल, ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट’. पी अँड ओ कंपनीचा एक नोकर घोडागाडीतून कलकत्त्याकडे निघाला होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळ मजूर आगबोटीच्या धुराड्याचा एक जड लोखंडी भाग रस्त्यावरून नेत होते. गाडी आली म्हणून सावध केल्यावर त्यांनी तो घाईत टाकला. आवाजाने घोडे बिथरले, पुढे उधळले आणि एक घोडा त्या लोखंडावर आपटून जखमी झाला. कंपनीने ३५० रुपये मागितले.

आणि कंपनी जिंकली! सरकार जबाबदार ठरलं. सर बार्न्स पीकॉक यांचा निकाल सरकारला दंड करणारा आहे. मग त्याच निकालाच्या आधारे शंभर वर्षांनी सरकार सुटलं कसं?

त्याचं असं झालं. निकाल देताना पीकॉक यांनी ओघात एक भेद मांडला. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारीही होती आणि राज्यकर्तीही. गोदी चालवणं कुठलाही खाजगी माणूस करू शकतो, तिथे कंपनी इतर मालकांसारखीच जबाबदार. पण जी कामं सार्वभौम सत्तेशिवाय कुणी करूच शकत नाही, त्यांच्याबद्दल दावा चालणार नाही. समोरच्या घोड्याचा निवाडा करायला या दुसऱ्या वाक्याची गरजच नव्हती. वकील अशा भाष्याला ‘ओबिटर’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर डिस्कशन सेक्शनमधलं अंदाजवजा वाक्य. त्यामागे डेटा नाही, प्रयोग नाही. ते वाक्य पुढच्या पेपरांनी रिझल्ट म्हणून उचललं.

मधल्या काळात ते कोणी उचललं तेही बघण्यासारखं आहे. १९०४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयासमोर गवताच्या पेंढ्यांचा दावा आला. चोरीचा माल असल्याच्या संशयाने एका चीफ कॉन्स्टेबलने पेंढ्या जप्त केल्या, आरोपी निर्दोष सुटला, पण तोवर गवत गेलेलं. सरकार जबाबदार नाही, असं कोर्ट म्हणालं. मेरठच्या सोन्याची ही गवताची आवृत्ती, आणि कस्तुरीलालमध्ये तिचा उल्लेख आहे.

पण दुसरी परंपराही होती. १८८२ चा मद्रास उच्च न्यायालयाचा हरी भानजी खटला. मुंबईहून मीठ जहाजाने तिकडच्या बंदरांत निघालं आणि वाटेत असतानाच जकात वाढली. व्यापाऱ्याने निषेध नोंदवून फरक भरला आणि परत मिळावा म्हणून दावा केला. कर वसूल करणं हे सार्वभौम काम नाही तर काय आहे? तरी मद्रासच्या कोर्टाने म्हटलं की असा दावा चालू शकतो. संरक्षण आहे ते फक्त परराष्ट्रांशी युद्ध-तह यांसारख्या, देशाच्या कायद्याबाहेरच्या कृत्यांना. देशाच्या कायद्याखाली केलेल्या कृतीला कोर्टात जाब विचारता येतो.

म्हणजे १८६१ च्या एकाच वाक्याची दोन वाचनं उपलब्ध होती. १९५६ मध्ये पहिल्या विधी आयोगाने याच विषयावर आपला पहिला अहवाल दिला. अध्यक्ष मुंबईचे मो. चि. सेटलवाड. त्यांनी हरी भानजीचं वाचन बरोबर मानलं आणि कायदा करा असं सुचवलं. कस्तुरीलालच्या खंडपीठासमोर दोन्ही वाचनं होती. त्यांनी अरुंद सोडून रुंद वाचन निवडलं. माझी मुख्य तक्रार इथे आहे. निष्कर्ष नावडता असला तरी पुरावा मला तिकडे ढकलतोय, असं म्हणता येतं ते एकच वाट असेल तर. इथे दोन होत्या. निवड केली होती, आणि निवडीची कारणं निकालात पुरेशी येत नाहीत.

आणखी एक. ज्या इंग्लंडकडून ‘राजाकडून चूक होत नाही’ हे तत्त्व आलं, त्या इंग्लंडने १९४७ मध्येच क्राऊन प्रोसीडिंग्ज ॲक्ट करून सरकारला इतर मालकांसारखं जबाबदार केलं. ज्या वर्षी मेरठचं सोनं गेलं त्याच वर्षी. आपल्याकडे मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० ने जबाबदारीचा प्रश्न मागच्या कायद्यांवर सोपवला. ती साखळी १९३५ च्या कायद्याकडे, तिथून मागे १८५८ कडे, म्हणजे शेवटी ईस्ट इंडिया कंपनीवर कोणते दावे चालले असते या प्रश्नाकडे जाते. प्रजासत्ताकातल्या नागरिकाला जखम झाली तर भरपाई मिळेल का, हे एका व्यापारी कंपनीच्या कल्पित जबाबदारीवरून ठरवायचं. संसदेला ही साखळी तोडता आली असती. १९६५ मध्ये विधेयक आलं, १९६७ मध्ये पुन्हा आलं. दोन्ही बारगळली.

आता कसोटी चालवून बघू. ‘सार्वभौम काम’ ही व्याख्या असेल तर वेगवेगळ्या माणसांनी ती लावल्यावर तेच उत्तर यायला हवं. येतं का? १९६२ मध्ये, म्हणजे कस्तुरीलालच्या दोनच वर्षं आधी, ‘राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती’ खटल्यात कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने पादचाऱ्याला उडवलं. पादचारी दगावला, आणि सरकार जबाबदार ठरलं. ती जीप कलेक्टर दंगल शमवायला घेऊन निघाले असते तर? तोच ड्रायव्हर, तीच हयगय, पण उत्तर बहुधा उलटं. जखमी झालेल्याच्या बाजूने बघितलं तर जीप कुठे चालली होती याचा त्याच्या मोडलेल्या पायाशी काय संबंध?

आणि महाराष्ट्रातलं उदाहरण तर याहून बोलकं. जुलै १९६३, तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. प्रसूतीनंतर एका बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोट फुगलं, दुखणं वाढलं. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. त्याच महिन्यात ती गेली. नवऱ्याने दावा केला आणि खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. एक कारण असं की रुग्णालय चालवणं हा राज्याच्या सार्वभौम अधिकाराचा भाग! सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात हे खोडून काढलं. रुग्णालयं खाजगी लोकही चालवतात, ते काही फक्त राज्यच करू शकेल असं काम नव्हे. शिवाय टॉवेल नेमका कुणी विसरला हे सिद्ध झालं नाही तरी चालेल. टॉवेल आत राहिला, एवढंच हयगय दाखवायला पुरेसं आहे आणि मालक म्हणून सरकार जबाबदार.

१९६३ ते १९९६. तेहतीस वर्षं. एका शब्दाचा अर्थ सैल ठेवल्याची किंमत कुणी मोजली ते इथे दिसतं.

निकाल चांगला आहे, पण माझी तक्रार त्यालाही चुकत नाही. त्याने कसोटी मोडली नाही, फक्त रुग्णालय कसोटीच्या बाहेर काढलं. १९९४ च्या नागेंद्र राव निकालात न्यायमूर्ती सहाय यांनी सार्वभौम आणि असार्वभौम हा भेदच आधुनिक राज्यात टिकत नाही असं बरंच स्पष्ट लिहिलं. नंतरच्या खंडपीठांनीही कस्तुरीलालची धार गेली असं म्हटलं. पण कस्तुरीलाल पाच न्यायाधीशांचा निकाल, आणि तो मोठ्या खंडपीठाने रीतसर रद्द केलेला नाही. रिट्रॅक्ट न झालेला, पण कुणी विश्वास न ठेवणारा पेपर. असे पेपर आपल्या क्षेत्रातही आहेत, आणि सरकारी वकिलांना ते बरोबर सापडतात.

इथपर्यंत सरकारचं झालं. वैयक्तिक कर्मचाऱ्याचं काय? इथे विद्यार्थी नेहमी गल्लत करतात, म्हणून थांबून सांगतो. कस्तुरीलालने त्या हेड कॉन्स्टेबलला मुळीच संरक्षण दिलं नव्हतं. त्याच्यावर दावा चालला असता, फक्त तो सीमेपार होता. कर्मचाऱ्याचं संरक्षण येतं ते निरनिराळ्या कायद्यांच्या शेवटी असलेल्या एका ठरावीक कलमातून: ‘सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा चालणार नाही’. शाळांपुरतं बघायचं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३७. त्यात केंद्र, राज्य, स्थानिक प्राधिकरण, शाळा व्यवस्थापन समिती आणि ‘कोणतीही व्यक्ती’ एवढे सगळे येतात.

मग ‘सद्भावना’ म्हणजे काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ५२ सांगत होतं की योग्य काळजी आणि लक्ष नसेल तर ती सद्भावना नव्हेच. नव्या न्याय संहितेतही ही व्याख्या राहिली. पण १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो की काम प्रामाणिकपणे केलं असेल तर ती सद्भावना, मग ते निष्काळजीपणे का केलेलं असेना. तोच शब्द, पण नेमक्या आपल्याला हव्या त्या मुद्द्यावर उलट्या व्याख्या. आणि केंद्रीय कायद्यात वेगळी व्याख्या नसेल तर दुसरीच लागू होते. शिक्षण हक्क कायद्यात ती वेगळी दिलेली नाही. म्हणजे त्या कायद्याखाली काम करणारा माणूस प्रामाणिक पण बेफिकीर असेल तर तो कलम ३७ च्या आड उभा राहून बघू शकतो. त्याच कायद्याचं कलम १७ मुलांना मारण्यावर आणि मानसिक छळावर बंदी घालतं. ‘मी मुलाच्या भल्यासाठीच मारलं’ हा बचाव मात्र माझ्या मते टिकू नये, कारण कायद्याने जे सरळ मना केलंय ते कायद्यानुसार केलं असं म्हणताच येत नाही.

माटुंगा-दादरच्या आपल्या बहुतेक जुन्या शाळा ट्रस्टच्या, अनुदानित. पगार सरकारकडून आला तरी मालक व्यवस्थापन. तिथे ‘सार्वभौम’चा प्रश्नच येत नाही, येतो तो मालकाच्या जबाबदारीचा. याचा मोठा निकाल पठाणकोटजवळच्या एका शाळेचा आहे. मे १९९५ मध्ये सहलीला गेलेली १४ मुलं बियास नदीत बुडाली. हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे ५ लाख दिले, आणि २००१ मध्ये ‘एम. एस. ग्रेवाल’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. शिक्षक सहलीवर असताना कामावरच होते, म्हणून त्यांच्या हयगयीची भरपाई शाळेने द्यायची. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याच्या एका कॉलेजची १४ मुलं मुरूडच्या समुद्रात गेली, तेव्हा हा निकाल १५ वर्षांचा होता.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. माझ्या ओळखीतल्या शिक्षिका सरळ सांगतात की वैयक्तिक दाव्याची भीती असेल तर सहल नको, प्रॅक्टिकल नको, ॲसिडची बाटली कपाटात कुलूपबंद. पोरं व्हिडिओ बघून टायट्रेशन शिकतील. हे खरं आहे. अमेरिकेत हाच पेच वैयक्तिक बाजूने सोडवायचा प्रयत्न झाला. आर्कान्सातल्या एका शाळेने पार्टीच्या सरबतात दारू मिसळली म्हणून मुलींना काढून टाकलं. त्या ‘वुड विरुद्ध स्ट्रिकलंड’ खटल्यात १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळा मंडळाच्या सदस्यांना सद्भावनेचं मर्यादित संरक्षण दिलं. पण मनात काय होतं हे साक्षीपुराव्याशिवाय ठरेना, म्हणून १९८२ मध्ये मनाचा भाग वगळून ‘त्या वेळी कायदा स्पष्ट होता का’ एवढीच कसोटी ठेवली. मोजायला सोपी झाली खरी. पण नवीनच तऱ्हेने वाईट वागलेला माणूस सुटू लागला, कारण तसा निकाल आधी नव्हता.

माझं मत असं: कर्मचाऱ्याला ढाल द्यावी, संस्थेला नाही. प्रामाणिक चुकीचं ओझं शिपायाच्या किंवा लॅब असिस्टंटच्या पगारावर पडू नये. पण नुकसान झालेल्याला पैसे मिळालेच पाहिजेत आणि ते ज्याच्याकडे बजेट आहे त्याने द्यावेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवली आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायला सांगितलं. किंग्ज सर्कलच्या पाण्यातून चालणाऱ्या प्रत्येकाला पहिला भाग आवडेल. मलाही आवडला. दुसऱ्या भागाबद्दल शंका आहे: वसुलीच्या भीतीने फाईलवर सही करायलाच कुणी तयार होणार नाही, आणि सापडेल तो सगळ्यात खालचा ज्युनियर इंजिनियर.

हक्क असला तरी दार अरुंद आहे, तेही लक्षात ठेवा. सरकारवर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. महापालिकेच्या कामाबद्दल असेल तर १८८८ च्या कायद्याचं कलम ५२७, म्हणजे एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. प्लास्टरमधला माणूस सहा महिन्यांत वकील शोधत बसतो. ‘सार्वभौम’वर इतकी चर्चा होते, पण लोक गळतात ते जास्त करून इथे.

आणि ते हमीपत्र. ‘अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ या ओळीखाली सही केली म्हणजे संस्थेला हयगयीचा परवाना मिळाला असं मी मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. सही करताना प्रत मागून घ्या, आणि बंद फ्यूमहूडची तक्रार तोंडी न करता ईमेलने करा. खोडवा खटल्यात टॉवेल स्वतःच साक्षीदार होता. तुमच्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी सगळं पुसून ठेवलेलं असेल.

प्रबंधाला विषय शोधत असाल तर एक मोकळा आहे. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्ट-ब्यूटिल लिथियम पेटून एक तरुण संशोधक भाजली आणि पुढच्या महिन्यात गेली. तिथे कामगार सुरक्षा कायदा लागू झाला, कारण ती पगारी रिसर्च असिस्टंट होती. तीच मुलगी विद्यार्थिनी म्हणून त्या बाकापाशी उभी असती, तर तो कायदा तिला लागू झाला नसता. डिसेंबर २००९ मध्ये ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. आपल्याकडे फेलोशिप घेणारा संशोधक नुकसानभरपाईच्या कायद्यात नेमका कोण, विद्यार्थी की कामगार? महिन्याच्या पैशांना आपण पगार म्हणतो, पण संस्थेच्या कागदावर तो शब्द कधीच नसतो.